गेम बॉयची कॅसेट: सेल बदलण्याआधी सेव्ह बाहेर काढा

निंटेंडोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या जुन्या कॅसेटमध्ये गेम एका चिपमध्ये असतो आणि तुमचा सेव्ह, म्हणजे खेळातली जपलेली प्रगती, दुसऱ्या. गेमची रॉम चिप वीज नसतानाही टिकते. सेव्ह मात्र बहुतेक कॅसेटांत एसरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणाऱ्या चिपमध्ये असतो, आणि कॅसेट बाहेर काढल्यावर त्या चिपला वीज देतो तो आत डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला ३ व्होल्टचा बटन सेल. सेल संपला की सेव्ह गेला. सेल काढला तरीही गेला. म्हणून ‘आधी सेल बदलू, मग बॅकअप बघू’ हा क्रम कधीच नको.

पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर आधी घाई करावी. या कॅसेटांत घड्याळही आहे. कपाटात पडून असतानाही ते त्याच सेलवर चालतं, त्यामुळे घड्याळ नसलेल्या पोकेमॉन रेड-ब्लूपेक्षा यांचा सेल लवकर संपतो. गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डचं उलट आहे. त्यांचा सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये असतो, सेल फक्त घड्याळापुरता. ‘बॅटरी संपली’ असा संदेश आला तरी सेव्ह जागेवरच असतो.

सेव्ह काढायला कॅसेट रीडर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र लागतं. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा त्यातला चांगला, आणि त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हे सॉफ्टवेअर. गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कॅसेटला ५ व्होल्ट लागतात, अॅडव्हान्सच्या कॅसेटला ३.३. रीडरवर व्होल्टेजचा खटका असेल तर कॅसेट घालण्याआधी बघा. अॅडव्हान्सच्या कॅसेटला ५ व्होल्ट गेले तर ती कायमची बाद होऊ शकते.

कॅसेटचे पितळी दिसणारे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. बोळा काळा यायचा थांबेपर्यंत पुसा, मग पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने गंज चढतो.

आता सेव्हच्या आधी रॉम वाचा. सेव्ह बरोबर आला की नाही हे ताडून बघायला बाहेर कुठेही नमुना नसतो. गेम बॉय आणि कलरच्या रॉमचा चेकसम (ताळा पाहायचा आकडा) मात्र गेमच्या हेडरमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत लिहिलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो तपासून सांगतं. रॉमचा चेकसम चुकला तर संपर्क अजून खराब आहेत. तशा स्थितीत काढलेल्या सेव्हवर विश्वास ठेवू नका. आपल्या मालकीच्या प्रतीचा बॅकअप म्हणून रॉम काढून ठेवायला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. ती प्रत वाटायला नाही.

रॉम बरोबर आला की सेव्ह वाचा, आणि कॅसेट काढून-घालून पुन्हा एकदा वाचा. दोन्ही फाइलींचा एसएचए-१ हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळख-आकडा, तंतोतंत जुळला पाहिजे. (सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हॅश मिळतो.) घड्याळवाल्या कॅसेटसाठी सॉफ्टवेअर विचारतं की घड्याळाची वेळही जपायची का. तुलनेसाठी ‘नाही’ म्हणा, कारण वेळ पुढे सरकलेली असते आणि सेव्ह ठीक असूनही हॅश जुळत नाही. मग घड्याळासकट तिसरी प्रत काढा.

फाइलचा आकारही बोलतो. पोकेमॉन रेडचा सेव्ह बरोबर ३२,७६८ बाइट, झेल्डा लिंक्स अवेकनिंगचा ८,१९२. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सगळी फाइल नुसती एफएफ किंवा शून्यांनी भरलेली दिसली तर एक तर संपर्क लागत नाहीत किंवा सेल आधीच गेलेला आहे. शेवटची खात्री एमजीबीए या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम बॉयचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये: रॉम आणि सेव्हला एकच नाव द्या, उघडा, आणि पात्राचं नाव, बॅजेस, खेळाचे तास बघा. हे मूळ फाइलवर नव्हे, तिच्या नकलेवर करा. घड्याळवाल्या गेमसाठी एमजीबीए घड्याळाचा डेटा फाइलच्या शेवटी जोडतो, आणि ३२,७६८ चे ३२,८१६ बाइट होतात.

इतकं झाल्यावरच कॅसेट उघडा. गेम बॉय आणि कलरच्या कॅसेटच्या स्क्रूला ३.८ मिमीचा गेमबिट (खास तोंडाचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, ४.५ मिमीचा कन्सोलसाठी असतो, तो इथे बसत नाही. सेलवर छापलेला नंबर वाचा आणि तोच आणा, बहुधा सीआर१६१६ किंवा सीआर२०२५. सीआर२०३२ ची जाडी ३.२ मिमी, सीआर२०२५ ची २.५, जाड सेलवर कवच दाबून बसवावं लागतं, ते टाळाच. सेल पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाग दिला तर उष्णतेने तो फुगतो, फुटूही शकतो. जुन्या पट्ट्या बोर्डाच्या बाजूने सुटतात, तिथेच सोल्डरिंग आयर्न टेकवा आणि डाग वितळण्याआधी ओढू नका; ओढलं की बोर्डावरचा तांब्याचा थर उखडतो आणि मग काम फार अवघड होतं. प्लस-मायनस बोर्डावर छापलेलं असतं. नवा सेल बसल्यावर मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

मग जपलेला सेव्ह रीडरनेच परत लिहा, कॅसेट काढून रात्रभर बाजूला ठेवा आणि सकाळी पुन्हा वाचून हॅश जुळवा. लगेच तपासून उपयोग नाही, कारण डाग कच्चा असेल तर सेव्ह रीडरच्या विजेवर टिकलेला दिसतो आणि कॅसेट बाहेर काढल्यावर जातो. गोल्ड-सिल्व्हर सुरू करताना गेमने वेळ पुन्हा लावायला सांगितलं तर ते फक्त घड्याळाचं आहे, पोकेमॉन सगळे जागेवर असतात.