साबर बोंडं आणि आमचं एडिट-वेड

आमच्या पिढीला गे रोमान्स म्हणून काय मिळालं तर २००८ चा दोस्ताना, म्हणजे मायामीत फ्लॅट मिळावा म्हणून दोन हिरो खोटं खोटं गे होतात आणि आई छाती बडवते, आणि आम्ही त्यावर हसलो पण, कारण दुसरं होतंच काय बघायला. म्हणून रोहन कानवडेच्या साबर बोंडंला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं तेव्हा ग्रुपवर नुसता राडा झाला, मराठी पिक्चर, तोही असा!!

गोष्ट म्हणाल तर साधीच. वडील गेलेत, आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो, तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. नातेवाईकांना सुतकातही लग्नाचंच पडलंय (हे तर डॉक्युमेंटरी आहे ओ). पण आईला पोराचं माहितीये आणि ती कुठेही तमाशा करत नाही, मला तर बाळ्यापेक्षा तीच जास्त आवडली, जयश्री जगताप, काय काम केलंय बाईने. आणि बाळ्या ती निवडुंगाची काटेरी बोंडं आणून देतो ना, तो सीन मी पुन्हा पुन्हा बघू शकते.

बॅकग्राउंड म्युझिक नाहीच पिक्चरला, त्यामुळे आम्हा एडिटवाल्यांची (म्हणजे पिक्चरचे सीन कापून, गाणं लावून व्हिडिओ टाकणाऱ्यांची) पंचाईत, कुठलंही गाणं लावलं तरी ते आगाऊच वाटतं. शेवटी मैत्रिणीने आनंद-बाळ्याचा नुसता फोटो टाकला, खाली कॅप्शन "फक्त मित्र आहेत हो काकू", आणि तिच्या सख्ख्या काकूने त्याला बदाम दिला 😭