शॉकअपची बंद लांबी: एक माप मिळवायला गेलेला दीड महिना

"पूर्ण दाबल्यावर हा किती इंच राहतो?" एवढा एकच प्रश्न मी शॉकअपबद्दल (पाट्यांची उसळी आवरणारी नळी-दांडी) शहरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात निदान दहा वेळा विचारला असेल. दर वेळी उलट मलाच विचारणा. गाडी कुठली, लिफ्ट किती, म्हणजे गाडी किती इंच उचललीय? सांगितलं की खोका काउंटरवर. "बसता मरे, व्हर तूं." म्हणजे बसतो रे, घेऊन जा. खोक्यावर छापलेलं, दोन ते तीन इंच लिफ्टसाठी. पूर्ण मिटल्यावरची बंद लांबी नाही, पूर्ण ताणल्यावरची उघडी लांबी नाही. अजून तो काउंटर आठवला की डोकं तापतं. गोव्यात सत्तरीत, सांग्यात पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जुन्या जीप आजही बागायतीत राबतात, त्या उचलणाऱ्यांच्या नशिबी हेच येऊ नये म्हणून लिहितोय.

माझी गाडी महिंद्राची जुनी फोर-बाय-फोर, पुढे-मागे पाटे. काजूची बागायत केरीच्या वर, चोर्ल्याच्या अंगाला. पावसात वाट धुऊन गेली की गाडीचं पोट दगडांवर घासतं, म्हणून जास्त कमानीचे पाटे घालून गाडी अडीच इंच वर घेतली. ते काम दोन दिवसांत झालं. शॉकअप मात्र मूळचेच ठेवले आणि तिथेच चुकलं. गाडी वर गेली की जुना शॉकअप उभ्या जागीच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबलं की तो पुरा उघडतो आणि एक्सलचा (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) सगळा भार त्याच्या डोळ्यावर, म्हणजे टोकाच्या कडीवर येतो. आठवड्याभरात मागच्या उजव्या बाजूचा बुश (त्या कडीतला रबर) फाटून बाहेर आला.

मग त्या दुकानातून लांब शॉकअप आणले. "उचललेल्या गाडीला लांबच घालायचा, थोडा जास्त लांब असला तर काय बिघडतं?" असं दुकानदार म्हणाला आणि मी ऐकलं. बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. दांडी आत जायची तर नळीही तेवढी लांब लागते. त्यामुळे जो जास्त उघडतो, तो मिटल्यावरही लांबच राहतो. पंधरा दिवसांत एका शॉकअपमधून तेल गळायला लागलं. खाली शिरून बॅटरी मारली तर वरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर. आणि बंपस्टॉपचा, म्हणजे वर येणाऱ्या एक्सलला चासीखाली अडवणारा रबर कोरा करकरीत! एक्सलवर चिखलाचे थर, रबरावर एक डाग नाही. म्हणजे एक्सल रबरापर्यंत कधी पोचलाच नव्हता, त्याच्या आधी शॉकअपच तळाला टेकत होता. एक्सल पुरा वर आला की तो धक्का रबराने घ्यायचा असतो, शॉकअपने नाही.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं, बसवलेला माल परत घेत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळं स्वतः मोजलं. शॉकअप काढून ठेवले. चासी स्टँडवर घेऊन एक्सल मोकळा सोडला आणि वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप धरला. शॉकअप तिरका असतो, म्हणून टेपही त्याच तिरक्या रेषेत. दुसऱ्या बाजूचं चाक जॅकने उचललं की हे चाक अजून थोडं खाली येतं, मोठं माप तेच धरायचं. माझं आलं २२ इंच. मग गाडी खाली घेतली. कुंपणासाठी आणलेले चिरे मागे रचले, एकेका चाकाखाली जॅक लावून रबर चांगला दबेपर्यंत उचललं आणि तशा दबलेल्या स्थितीत मोजलं, १३ इंच ६ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). रिकामी गाडी सपाटीवर १७ इंच ६ सूत. विकत आणलेला शॉकअप बंद होऊन १५ इंच ४ सूत होता. १ इंच ६ सूत जास्त! ब्रॅकेट फुटणार नाही तर काय होणार?

आता माझ्याकडे आकडे होते आणि समोर तोच काउंटर. या दुकानाशिवाय असला माल जवळपास कोणी ठेवत नव्हतं. मी कागदावर लिहून नेलं: उघडा २२ इंच ४ सूतच्या वर, बंद १३ इंच २ सूतच्या आत. दोन्हीकडे चार-चार सूत हातचे ठेवलेले, कारण वेगात आदळल्यावर रबर जॅकवर दबतो त्याहून जास्त दबतो. कागद बघितलासुद्धा नाही. "कंपनीला विचारतो." आठवडा गेला. फोन केला तर "माणूस रजेवर." दुसऱ्या आठवड्यात खोक्याच्या बाजूचा फोटो आला, दोन ते तीन इंच लिफ्टसाठी, तेच! मी म्हटलं, एक खोका उघडा, मी इथेच दाबून मोजतो, दोन मिनिटांचं काम. "खोका उघडला की माल तुमचा." हे वाक्य मी विसरणार नाही. चपला दोन पावलं चालून बघून घेतो आपण, आणि गाडी घाटात सांभाळणारी वस्तू न मोजता घ्यायची? तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, दुसरा माल मागवलाय. त्यात आणखी बारा दिवस. आला तो त्याच लांबीचा, फक्त रंग वेगळा. एव्हाना बोंडू (काजूची फळं) पडायला लागले होते, फेणीच्या भट्टीवाल्याचे रोज फोन, आणि मी माल भाड्याच्या पिकअपने उतरवत होतो.

शेवटी एक दिवस चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींनी कागद वाचला आणि पहिलं वाक्य बोलले, "असा शॉकअप नसतो." इतका उघडणारा इतका मिटत नाही. महिनाभर मी जे मागत होतो ते अशक्य आहे, हे काउंटरवरचा माणूस पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. "बंपस्टॉप खाली घे, भाऊ. एक इंच पॅकिंग टाक." एक्सल वर एक इंच कमी जाईल, पण रबरावर थांबेल. मग त्यांनी तीन शॉकअप काढले, लाकडी ठोकळ्यावर उभे केले आणि छातीचा भार टाकून एकेक मिटवला. मी टेप धरला. पहिला लांब. दुसरा मापात होता, पण जड पिकअपचा. हलक्या जीपला तो कडक पडेल, म्हणून त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. तिसरा: बंद १४ इंच १ सूत, उघडा २२ इंच ६ सूत. हातात घेतला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

घरी पॅकिंग घालून परत मोजलं. दबलेलं माप १४ इंच ६ सूत, म्हणजे मिटताना ५ सूत शिल्लक, उघडताना ६ सूत. एका चाकाखाली मोठा दगड घेऊन गाडी वाकडी केली आणि शॉकअप कुठे घासतो का ते पाहिलं. टायरच्या आतल्या कडेशी एक बोट जागा राहिली.

आणखी एक, हे खरं आधीच सांगायला हवं होतं. एक्सल मोकळा सोडाल तेव्हा ब्रेकचा होज पाइप हाताने दाबून बघा. माझा तारेसारखा ताणला होता. लांब शॉकअप घातला की चाक जास्त खाली जातं आणि मग ताण त्या पाइपवर येतो. मी लांब होज टाकला. डोळ्यातल्या बुशचं भोकही पिनशी जुळवून घ्या. पुढचं माप वेगळं घ्या, मागचं तिथे चालत नाही. माझ्या पुढच्या शॉकअपची बंद लांबी एक इंचाने कमी निघाली.

त्यानंतरच्या बिया आणि बोंडू याच गाडीने उतरवले. बंपस्टॉपच्या रबरावर आता चिखल लागलेला दिसतो.