शेवटची ओळ दोनदा

दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या ख्रिस्ती विधीची, इंग्रजी उपासना होती. फ्रान्सिस रिडली हॅवरगल यांचं 'टेक माय लाइफ अँड लेट इट बी' हे गीत होतं. ऑर्गनवर मी फक्त पहिली ओळ वाजवून दिली आणि चूक तिथेच झाली. पहिल्या कडव्याची चौथी ओळ संपताच निम्मी मंडळी दुसऱ्या कडव्यात शिरली. गायकवृंद आणि ऑर्गन मात्र चौथीच ओळ पुन्हा घेत होते.

चाल 'हेंडन' होती, जिनिव्हाच्या सेझार मालाँ यांची. ('जस्ट अॅज आय अॅम' या गीताच्या कवयित्री शार्लट एलियट यांना ज्यांच्या सल्ल्याने नवी दिशा मिळाली तेच हे मालाँ.) या चालीत शेवटची ओळ दोनदा येते. गायकवृंदाकडे स्वरलिपीचं पुस्तक होतं. बाकांवरच्या पत्रिकेत नुसते शब्द, कडव्याला चारच ओळी. चौथ्या ओळीनंतर थांबायचं की परतायचं, हे त्यांना कळणार कसं?

अशा वेळी पुनरावृत्ती गाळून टाकावीशी वाटते. गाळू नये, गायकवृंद उघडा पडतो. दुसऱ्या कडव्यात चौथ्या ओळीचा शेवटचा स्वर धरून ठेवला, एक मात्रा हात पूर्ण उचलले आणि पुनरावृत्तीला पेडलवरचा, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांवरचा, खर्ज वाढवला. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे एकत्र आले. आता सुरुवातीला शेवटच्या दोन ओळी पुनरावृत्तीसकट वाजवतो आणि पत्रिकेत चौथी ओळ दोनदा छापायला सांगतो.

कडव्यांच्या सांध्याकडेही लक्ष हवं. हे गीत मुळात दोन-दोन ओळींचं आहे. फेब्रुवारी १८७४मध्ये वूस्टरशरमधल्या अॅर्ली हाउस या घरी पाहुण्या असताना, झोप न लागलेल्या रात्री हॅवरगलबाईंच्या मनात एकेक द्विपदी जुळत गेली. एकूण बारा, म्हणजे चार ओळींची सहा कडवी. हात आणि पाय, आवाज आणि ओठ, इच्छा आणि हृदय अशा जोड्या पडतात, पण प्रत्येक द्विपदीचा अर्थ तिच्यातच पुरा होतो. म्हणून दुसऱ्या ओळीनंतर श्वास घ्यावा लागतो. न घेतल्यास चौथीपर्यंत आवाज विरतो. वडील विल्यम हेन्री हॅवरगल यांची 'पॅटमॉस' ही बाईंची आवडती चाल. तिच्यात पुनरावृत्ती नाही, आणि माझ्या मते या शब्दांना तीच जास्त शोभते.

वेळ वाचवायला पुष्कळदा सोनं-रुपं देवाला वाहण्याचं कडवं गाळतात. त्या दिवशीही गाळलं होतं. बाईंनी १८७८मध्ये आपले जवळजवळ पन्नास दागिने पेटीसकट चर्च मिशनरी सोसायटीला पाठवले होते, तेव्हा गाळायचंच असेल तर दुसरं निवडावं.

मराठीत बसवताना अडचण निराळी. प्रत्येक ओळीत सात अक्षरं, जोर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्यावर. 'हात माझे घे प्रभू' मोजून पाहा: 'हा', 'मा', 'घे', 'भू' नेमके जोरावर येतात. बोलताना 'हात'मधला 'त' अर्धा होतो, तो गाताना पूर्ण उच्चारावा लागतो, नाहीतर ओळ सहा अक्षरांचीच उरते. 'झे' दीर्घ असूनही जोराविना येतो, तिथे लांबवायचं नाही. सरावात तेवढी एक जागा चार-पाच वेळा घोटून घ्यावी.