पाठीवरची फुली

गुरुवार, रात्री उशिरा.

आज लिफ्टची वाट बघत उभा होतो तर पुढ्यात तो नवीन मुलगा, सोमवारी जॉइन झालेला. गडद निळा ब्लेझर, कोराकरकरीत, आणि मागे खाली जिथे चीर असते ना तिथे पांढऱ्या दोऱ्याची फुली. चांगली ठसठशीत. तो कच्चा टाका असतो, दुकानात पोचेपर्यंत चीर फाकू नये, कपड्याचा आकार बिघडू नये म्हणून मारलेला, अंगात घालायच्या आधी कापून टाकायचा असतो. याने कापलाच नव्हता. चार दिवस तसाच फिरतोय आणि अख्ख्या मजल्यावर एकालाही वाटलं नाही की बाबा सांगावं याला. मलाही नाही. मी तर मंगळवारीच बघितलं होतं, खोटं कशाला बोलू.

मला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं कारण हीच फुली मी स्वतः तीन वर्षं मिरवलीये. पहिल्या नोकरीच्या वेळी घेतलेलं जाकीट, इंटरव्ह्यू, प्रेझेंटेशन, कोणाकोणाचे निरोप समारंभ, सगळीकडे तेच. वर बाहीवर ब्रँडचं लेबल शिवलेलं असतं तेपण तसंच ठेवलेलं, आणि ते चुकून नाही हां, मला वाटायचं तेच तर दाखवायचं असतं! मग एकदा बाही आखूड करायला टेलरकाकांकडे नेलं. त्यांनी जाकीट उलटंसुलटं करून बघितलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "साहेब, हे राहूच द्यायचंय का?" आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं तरी हळू आवाजात. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुरुष एकमेकांचे कपडे बघत नाहीत असं म्हणतात ते साफ खोटं आहे. सगळं बघतात. कॉलर विरलीये, पट्टा तपकिरी आणि बूट काळे, शर्टाच्या दोन गुंड्यांमध्ये पोट डोकावतंय, सगळं सगळं दिसतं. फक्त बोलायचं नसतं. बाईनं बाईला "अगं मागे टॅग दिसतोय" म्हणून सांगितलं तर ती मदत, आणि पुरुषानं पुरुषाला सांगितलं की उगाच काहीतरी विचित्र वाटतं, म्हणजे तू माझ्याकडे इतकं निरखून का बघत होतास असं. त्यामुळे झाकली मूठ. वर आपण सगळे एकजात असे की मला कपड्यांचं काही नसतं बुवा, जे हाताला लागेल ते घालतो. आणि आदल्या रात्री आरशासमोर तिसरा शर्ट चालू असतो.

मग शिकायचं कुठून, तर सिनेमातून. माझ्या पिढीचं तरी तसंच झालं. १९८० च्या 'अमेरिकन जिगोलो'मध्ये रिचर्ड गेर पलंगावर जाकिटं, शर्ट, टाय मांडून जोड्या लावत बसतो, सगळे अर्मानीचे, आणि तो सीन मी कितीतरी उशिरा बघितला पण बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं की अरे, असा वेळ घालवणं गुन्हा नाही. अर्थात त्याचं काम म्हणजे पैसे घेऊन श्रीमंत बायकांना सोबत करणं, ते बघता त्याला तो वेळ परवडत होता, मला सकाळी नऊची मीटिंग असते. १९८७ च्या 'वॉल स्ट्रीट'मधला गेको म्हणजे तर खलनायक, पण रंगीत शर्टाला पांढरी कॉलर आणि वर गॅलिस ही त्याची फॅशन नोकरदारांनीच उचलली. खलनायकाकडून शिकायला आपल्याला कधीच अडचण नसते म्हणा.

पण सिनेमात एक गोष्ट कधीच दाखवत नाहीत, हिरो कच्चा टाका कापताना दिसत नाही. तो तयारच येतो. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर, बाहीतून शर्ट अर्धा इंच बाहेर, आणि खालची गुंडी उघडी. ही खालची गुंडी उघडी ठेवायची हेही मला कोणी सांगितलं नव्हतं, इंग्लंडच्या सातव्या एडवर्डला पोट सुटल्यामुळे ती लागत नव्हती म्हणून बाकीच्यांनीही उघडी ठेवली अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला आवडते. साहेबाची ढेरी आणि शिष्टाचार सगळ्यांना.

ऑफिसात आता ब्लेझर घालणारे उरलेत किती? तो मुलगा, मी कधीमधी, आणि वरच्या मजल्यावरचे एकदोघं. बाकी सगळे जीन्स-टीशर्ट. आणि गंमत बघा, जीन्स ही मजुरांची पँट, खिसे उसवतात म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं त्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि १८७३ साली लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. टीशर्ट म्हणजे नौदलातल्या खलाशांचा आतून घालायचा बनियन, तो १९५१ मध्ये मार्लन ब्रँडो या हॉलिवूडच्या नटानं पडद्यावर नुसताच घातला आणि पोरं वेडी झाली. कॉलरला गुंड्या असलेला शर्ट पोलो खेळणाऱ्यांकडून आला, घोड्यावर कॉलर तोंडावर उडू नये म्हणून. आमच्यातलं कोणी खाणीत उतरत नाही, जहाजावर नाही, घोड्यावर तर नाहीच नाही. दिवसभर खुर्चीत बसून एक्सेल भरतो आणि कपडे मात्र सगळे दुसऱ्यांच्या कामाचे. ऑफिसचा म्हणून एक कपडा होता तो सूट, तोच आम्ही टाकून दिला.

ड्रेसकोड गेला तेव्हा मीही खूश होतो, टायची गाठ सुटली एकदाची म्हणून. पण नियम लिहिलेला होता तेव्हा तो वाचता तरी यायचा. आता म्हणतात काहीही घाला, आणि काहीही घातलं की कळतं काहीही चालत नाही ते. शॉर्ट्स चालतात पण डेव्हलपरला चालतात, अकाउंट्सवाल्याला नाही. मळका हुडी मोठ्या साहेबाच्या अंगावर साधेपणा आणि नवीन पोराच्या अंगावर गबाळेपणा. अमेरिकेत शुक्रवारचे सैल कपडे सुरू झाले तेव्हा लोकांचा इतका गोंधळ उडाला की १९९२ मध्ये लेव्हीच्याच डॉकर्स नावाच्या ब्रँडवाल्यांनी कंपन्यांच्या एचआरला माहितीपत्रकं पाठवली, मोकळेढाकळे कपडे म्हणजे नेमकं काय घालायचं याची. अर्थात त्यांना खाकी पँटी विकायच्या होत्या. पण निदान कोणीतरी सांगितलं तरी.

तर हा मुलगा ब्लेझर घालून येतो कारण त्याला कोणी सांगितलंच नाही की इथे घालत नाहीत. मला ते आवडलं होतं खरंतर.

दुपारी धीर केला. ड्रॉवरमधलं नेलकटर खिशात टाकलं, तो वॉशरूमकडे गेला तसा मागून गेलो. चार वाक्यं तयार केली होती, एकही आठवलं नाही. म्हटलं, "अरे जरा थांब, पाठीमागे दोरा आहे." तो बिचारा पाठीमागे हात फिरवत बसला, सापडेना. मग मीच वाकून दोन्ही टाके कटकट कापले आणि दोरा ओढून काढला. कापडावर चार बारीक भोकं राहिली, नखाने घासली, बुजली जवळजवळ. तेवढ्यात कोणीतरी आत आलं, आम्ही दोघं एकदम बाजूला झालो, जशी काय चोरीच पकडली.

ते गेल्यावर तो म्हणाला, "सर, मग खिसेपण उघडतात का?" त्याला वाटत होतं ते नुसते दाखवायचे आहेत. म्हटलं उघडतात, पण राहू देत बंद, फोन टाकलास की लोंबतात.

मग हातातल्या त्या पांढऱ्या दोऱ्याकडे बघत म्हणाला, "इंटरव्ह्यूलापण हाच घातला होता."

मी म्हटलं, अरे समोर बसल्यावर पाठ कोणाला दिसते.

तो जरा थांबला. "जाताना दिसते ना सर."