खांदा आखडलाय? आधी रात्र कशी जाते ते सांगा

पोलक्याचं मागचं हूक लागत नाही, वेणी घालताना हात डोक्यापर्यंत पोचत नाही, एसटीत वरचा दांडा धरला आणि गाडी खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढे काजवे. अशा माणसाला गावात तीन सल्ले हमखास मिळतात. चोळून घे. हाडवैद्याकडून झटका मारून मोकळा करून घे. हात अजिबात हलवू नको. तिन्ही चुकीचे, आणि तिसरा सगळ्यात गोड वाटतो म्हणून जास्त नुकसान करतो.

खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्याची सैल घडी पडते, हात वर नेला की ती उलगडते. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे चटकन कळेल: काखेत कापड कमी पडलं की बाही कितीही सैल असो, हात वर जात नाही. फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे आखडलेल्या खांद्यात, हे आवरण सुजतं, जाड होतं आणि ती घडी आकसते. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव अमेरिकी सर्जन कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. आपल्याकडे ‘खांद्यात वात भरला’ म्हणतात. पण दोष हवेचा नाही, थंडीचाही नाही. तेल चोळून स्नायूंना बरं वाटतं, आत आकसलेल्या आवरणापर्यंत मात्र ते पोचत नाही.

ओळखायची घरगुती पद्धत अशी. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, तळहात समोरासमोर धरा. आता कोपरं न सोडता पंजे बाहेर उघडा, दाराची दोन कवाडं उघडावीत तसे. चांगला हात ५०-६० अंश सहज जातो, आखडलेला निम्म्यावरही अडतो. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात अलगद बाहेर वळवायला सांगा. त्यांच्याही हाताने तिथेच अडला, तर आवरण आकसल्याची शक्यता मोठी. स्वतःच्या जोराने हात वर जात नाही पण दुसऱ्याने उचलला की जातो, असं असेल तर स्नायूबंध फाटल्याचा संशय घ्यावा. त्याचा इलाज वेगळा. एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो. तो सांध्याची झीज किंवा चुन्याचा साठा नाही ना, हे पाहण्यासाठी काढतात. सरसकट एमआरआयची गरज नसते. मात्र पडल्यानंतर लगेच हात उचलेनासा झाला, किंवा ताप येऊन खांदा लाल झाला, तर थांबू नका. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत घाम आणि धाप असेल तर तो खांदा नव्हे, हृदय आहे असं समजून तडक दवाखाना गाठा.

आता रात्रीचा मुद्दा. हा आजार तीन टप्प्यांत चालतो. पहिल्यात दुखणं राज्य करतं, साधारण २ ते ९ महिने. दुसऱ्यात दुखणं ओसरतं पण हात जखडलेला राहतो, ४ ते १२ महिने. तिसऱ्यात हळूहळू सुटतो, त्याला ५ महिन्यांपासून २ वर्षंही लागतात. टप्पा कोणता हे ठरवायला रात्रीसारखं माप नाही. कुशीवर वळलं की जाग येते, पहाटेपर्यंत ठणका आहे, म्हणजे अजून पहिला टप्पा. झोप लागते पण सकाळी सदरा घालताना अडतं, म्हणजे दुसरा. व्यायाम तोच असला तरी मात्रा यावरून ठरते. पहिल्या टप्प्यात जोराने ताणलं की सूज वाढते. दुसऱ्यात नुसता शेक घेत बसलं की महिने वाया जातात. बहुतेकांची चूक नेमकी उलटी होते: दुखत असताना ईर्ष्येने ताणतात आणि दुखणं थांबलं की व्यायाम सोडून देतात.

झोपायचं कसं? ढिली पडलेली बाज टाळा, तिच्यात खांदे आत दुमडतात. उताणं झोपत असाल तर दुखऱ्या दंडाखाली आणि कोपराखाली घडी घातलेली वाकळ ठेवा, म्हणजे कोपर खांद्यामागे खाली पडणार नाही. पोटावर दुसरी छोटी उशी घेऊन त्यावर पंजा. कुशीवर झोपायचं तर चांगल्या बाजूवर, आणि छातीशी लोड किंवा जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर. कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी, काढताना शेवटी. पोलकी काही महिने पुढच्या हुकांची शिवून घ्या. पुरुषांनी डोक्यावरून घालायचा नेहरू शर्ट बाजूला ठेवून समोर बटणं असलेला वापरावा.

व्यायामाआधी १० ते १५ मिनिटं शेक. टॉवेल गरम पाण्यात पिळून चालतो, मिठाची पुरचुंडीही चालते. मधुमेह असेल तर गरमपणा आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला तपासायला लावा. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

पहिला व्यायाम लंबकाचा, कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा. ओट्यावर किंवा टेबलावर चांगला हात टेकवून कमरेत वाका, दुखरा हात दोरीला बांधलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबू द्या. मग कंबर हलवून अंगाला झोका द्या. हात आपोआप हलला पाहिजे. पुढे-मागे १०, डावी-उजवीकडे १०, गोल १०, आणि गोल ताटाएवढाच. खांद्याच्या जोराने हात फिरवला तर त्याला लंबक म्हणत नाहीत, तो फुकटचा त्रास. पहिल्या टप्प्यात हा दिवसातून ४-५ वेळा, एकेक-दोन मिनिटं, पुरेसा आहे. त्याच्या जोडीला पुढचे दोन काठीचे व्यायाम करता येतात, पण दुखणं सुरू होतं तिथेच थांबून.

काठी तीन फुटांची, सरळ हवी. पऱ्हाटी वाकडी असते, वेळूचा तुकडा किंवा छत्री चालेल. उताणं झोपा, काठी दोन्ही हातांत धरा आणि चांगल्या हाताच्या जोराने दोन्ही हात डोक्याकडे न्या. ५ सेकंद थांबा, सावकाश खाली. १० वेळा. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा: उताणं झोपून कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांच्यात छोट्या टॉवेलची घडी, आणि चांगल्या हाताने काठीने ढकलत दुखरा पंजा बाहेरच्या दिशेला. आखडलेला खांदा सगळ्यात आधी हीच हालचाल गमावतो. घडी खाली पडली म्हणजे कोपर सुटलं, ती वेळ मोजू नका. दुसऱ्या टप्प्यात इथे २० ते ३० सेकंद ताण धरायचा, ५ वेळा, दिवसातून २-३ बैठका.

भिंतीवर बोटं चढवणं सर्वांना माहीत असतं आणि बहुतेक जण चुकीचं करतात. उंची मिळवायला खांदा कानाकडे उचलतात, अंग तिरकं करतात. बोटं चढतात, सांधा तिथेच. भिंतीसमोर सरळ उभे राहा, मान लांब ठेवा, पोचाल तिथे पेन्सिलने खूण करा आणि हात धप्पकन न सोडता बोटांनीच उतरवा. खूण आठवड्यातून एकदाच पुढे सरकवा. रोज मोजलं की निराशाच होते.

पाठीमागे टॉवेल धरून वर ओढण्याचा व्यायाम मात्र रात्रीचा ठणका थांबेपर्यंत नको. लोक नेमके इथूनच सुरुवात करतात, कारण हूक लागत नाही हीच मोठी तक्रार असते.

मात्रेचा नियम एकच. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात बसलं तर मात्रा बरोबर. त्याच रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी वेळा निम्म्या करा, बंद करू नका.

शेतातलं काम सगळं सोडावं लागत नाही. कापूस वेचणी कमरेच्या उंचीला असते, जमते; ओझं मानेत अडकवण्यापेक्षा ओटी कमरेला बांधा. भाकरी थापणंही चालतं. हंडा डोक्यावर धरणं, माळ्यावरचं पोतं ओढणं, हाताने दाबायचा फवारणी पंप हे बंद. बॅटरीचा पंपही बांधावर किंवा ओट्यावर ठेवून पाठीला लावा, जमिनीवरून झटक्याने उचलू नका. स्वयंपाकघरात रोजचे डबे छातीच्या खालच्या फळीवर आणले की दिवसातले निम्मे झटके वाचतात.

साखर तपासल्याशिवाय या आजाराचा इलाज सुरूच करू नये, असं आमचं ठाम मत आहे. शंभरातल्या २ ते ५ जणांना हा त्रास होतो, मधुमेहींमध्ये हे प्रमाण १० ते २० पर्यंत जातं, आणि त्यांचा खांदा सुटायलाही वेळ घेतो. ४० ते ६० वयातली, त्यातही बायकांची संख्या जास्त. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड, दोन्ही तपासा. खांदा आखडला म्हणून रक्त तपासलं आणि मधुमेह तेव्हाच कळला, असंही घडतं.

सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन म्हटलं की लोक दचकतात. ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम. पहिल्या टप्प्यात दिलं तर काही आठवडे ठणका कमी होतो आणि तेवढ्यात व्यायाम पुढे सरकतो. जखडलेल्या टप्प्यात त्याचा उपयोग कमी. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस, कधी आठवडाभर वाढते, सकाळ-संध्याकाळ मोजा. कमरेवर घेतलेली ‘दुखण्याची सुई’ हा त्याला पर्याय नाही.

घाटीत (छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय), नांदेड-लातूरच्या शासकीय रुग्णालयांत किंवा अंबाजोगाईच्या स्वारातीमध्ये (स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय) अस्थिरोग विभाग आहे. पण तालुक्याच्या पलीकडून आठवड्यातून तीनदा शेक घ्यायला जाणं परवडत नाही, आणि तेवढी गरजही नसते. एकदा जा, व्यायाम करून दाखवा, बरोबरच्या माणसाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ३-४ आठवड्यांनी पुन्हा दाखवा.

काही महिने नेटाने करूनही हात हलत नसेल तर भूल देऊन सांधा सोडवणं किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं हे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर या दोन्हींची तुलना इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपीशी झाली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर कोणताच मार्ग ठळकपणे सरस ठरला नाही. भूल देऊन सोडवतानासुद्धा दंडाचं हाड मोडण्याचा थोडा धोका असतो. मग भूल न देता मारलेल्या झटक्याचं काय होईल ते पाहा.

सुटताना बाहेरचं वळण आणि हात वर जाणं हळूहळू परत येतं. पाठीमागे जाणारा अंगठा सगळ्यात उशिरा चढतो: आधी खिशापर्यंत, मग कमरेला, मग हुकापर्यंत. तोच खांदा पुन्हा आखडणं दुर्मीळ, पण काहींना पुढच्या काही वर्षांत दुसरा धरतो. त्यामुळे कवाडं उघडण्याची ती चाचणी महिन्यातून एकदा दोन्ही हातांची करत राहा.