फियाटच्या गॅरेजातली सुतारशाळा

त्या दुपारी लाइट गेली तेव्हा मी प्लायच्या पट्ट्या कापत होते. यंत्र म्हणजे एक मार्बल कटर, फरशी कापायचं हातातलं यंत्र, प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवलेलं, पातं वरच्या फटीतून बाहेर आलेलं आणि बटण लॉक करून ठेवलेलं. आपल्याकडं बरेच सुतार साइटवर असंच काम करतात, त्यांचं बघूनच मी ते केलं होतं. पातं थांबलं. फटीत एक ढलपी अडकलेली दिसली म्हणून ती काढायला हात पुढं केला, आणि हात वीतभर अंतरावर असताना लाइट आली. मार्बल कटरचं पातं मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं. मी हात मागं घेतला, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि शटर ओढून घरात जाऊन बसले. पुढचे पंधरा दिवस गॅरेज उघडलं नाही.

हे गॅरेज सासऱ्यांनी त्यांच्या फियाटसाठी बांधलेलं. आतून दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. फियाट कधीच गेली, आमची गाडी बाहेर सावलीला उभी असते. कोल्हापुरात राहून हत्यारांची हौस लागणं नवल नाही. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, नुसता फेरफटका मारला तरी लेथचा आवाज कानात बसतो. मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेसाठी चौकटी आणि स्टँड स्वतः करावेत एवढ्यासाठी सुरुवात केली, आणि मग लाकूड सुटेना.

पंधरा दिवसांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, रानात मोटरीला स्टार्टर असतोय न्हवं? हिरवं बटण, तांबडं बटण. तसला हितं बसवूया." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. डीओएल स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की ती संपर्क धरून ठेवते, वीज गेली की सोडते. वीज परत आली तरी आपण पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. शेतात रात्री लाइट येते म्हणून लोक स्टार्टरला 'ऑटो' जोडतात, म्हणजे मोटर आपोआप चालू व्हावी. सुतारकामाच्या यंत्राला ते ऑटो कधीही जोडू नका. घरी कसलंही फिरतं पातं बसवणार असाल तर हा सगळा मजकूर सोडून एवढं एक लक्षात ठेवलंत तरी मला पुष्कळ आहे.

स्टार्टर जोडायच्या आधी त्यानं गॅरेजच्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं. मीटर बघून तो जरा गप्प झाला, मग तार कुठं जाते ते शोधत मागच्या अंगणात गेला. अर्थिंगची तार नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. तो पाइप आम्ही काही वर्षांपूर्वी बदलून पीव्हीसीचा केला. उरलेला लोखंडी तुकडा जमिनीच्या वर दोन फूट होता, खाली सगळं प्लॅस्टिक. म्हणजे तेवढी वर्षं गॅरेजला अर्थिंग नव्हतंच, आणि मी पत्र्याच्या बॉडीची यंत्रं वापरत होते. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे एकदा बघून घ्यावं. नळ बदलताना प्लंबरला अर्थिंगशी घेणंदेणं नसतं, आणि इलेक्ट्रिशियनला नळ बदलल्याचं कोणी सांगत नाही.

मग नवा खड्डा घेतला. अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतते. जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. गॅरेजसाठी वेगळा बोर्ड आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. त्यावर टेस्टचं एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं.

एमसीबीचाही, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणाचाही, घोळ होता. २ हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे दीड किलोवॅट, चालू असताना दहा-अकरा अँपियर घेते. पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. घरात बी प्रकारचे एमसीबी होते, ते नेमके त्या क्षणाला पडले असते. म्हणून सी प्रकारचा २० अँपियरचा घेतला आणि मीटरपासून गॅरेजपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नव्यानं ओढली. वायर तीच ठेवून नुसता एमसीबी मोठा घालणं म्हणजे भिंतीच्या आत शेगडी पेटवणं. सॉकेट सगळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर घेतले, टेबलाच्या वर येतील असे. महावितरणकडं घराचा मंजूर भारही वाढवून घेतला.

दिव्यांवर फार लिहीत नाही. एकच मोठा दिवा मधोमध लावला तर आपलीच सावली कामावर पडते. चार फुटी एलईडी ट्यूब दोन्ही बाजूंनी तीन-तीन लावल्या. जुन्या चोकच्या ट्यूबचा प्रकाश लुकलुकत असतो, त्यात फिरतं पातं कधीकधी थांबल्यासारखं दिसतं. त्या ट्यूब काढूनच टाकल्या.

एवढं झाल्यावर मला वाटलं, झालं. मग जून आला.

कोल्हापूरचा पाऊस ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, पण त्या ऑगस्टमध्ये फरशीच्या सांध्यांतून ओल वर आलेली मी पाहिली होती आणि विसरले होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी उघडली तर पटाश्यांवर तांबूस साय. रंध्याचा तळ गंजलेला. नवा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, ज्याच्यावर माझा सगळा भरवसा, त्याच्या पात्यावरचे आकडे वाचता येईनात. वाईट वाटलं. हत्यार हातात घेतल्यावर आधी घासत बसायचं आणि मग काम, यात कामाची इच्छाच मरते.

ओल कुठून येते हे ठरवायला मी एक चाचणी केली. दोन फूट बाय दोन फुटांचं जाड प्लॅस्टिक फरशीवर ठेवून चारी कडा टेपनं चिकटवल्या आणि एक दिवस तसंच ठेवलं. प्लॅस्टिकच्या वर दव आलं तर दोष हवेतला, खाली आलं तर जमिनीतला. काढलं तेव्हा खालची बाजू थबथबलेली होती.

पावसाळा संपेपर्यंत हत्यारं घरात, पलंगाखाली ठेवली आणि दिवाळीनंतर फरशी उखडली. खाली काळी माती निघाली. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर काहीही ओता, ते हलणारच. नऊ इंच माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसानं ठोकून घेतला. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, सांध्याला फूटभर एकावर एक घेतलेला, कडांना भिंतीवर चार इंच वर चढवलेला. त्यावर चार इंच काँक्रीट. एकशेऐंशी चौरस फुटांच्या जागेला चौदा पोती सिमेंट लागलं. गवंड्याला शटरकडं सगळीकडून उतार द्यायचा होता, गाडी धुतल्यावर पाणी जायला. इथं गाडी नाही, टेबल आणि यंत्रं उभी राहणार, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. शेवटी सोळा फूट सपाट आणि शटरजवळचे दोन फूट उताराचे ठरले. काँक्रीटवर आळी करून दहा दिवस पाणी साठवलं. पुढच्या जुलैत तीच प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा केली. खालची बाजू कोरडी होती. त्या दिवशी मी नवऱ्याला शाळेतून फोन करून ते सांगितलं!

आता टेबलाबद्दल, म्हणजे बेंचबद्दल. आमच्या भागातले एक सुतारमामा अधूनमधून डोकावायचे. मी नवीन यंत्रांची चौकशी करत असले की म्हणायचे, "मशीन कुठं पळून जात न्हाई. आधी टेबल करा. हाललं न्हाई पायजे." मला ते पटायला एक वर्ष लागलं. प्लायच्या टेबलावर रंधा मारला की टेबलच पुढं सरकायचं, निम्मा जोर त्याला धरण्यात जायचा.

लाकूड जुनंच घ्यायचं ठरवलं. पाडलेल्या वाड्यांचं सागवान आपल्याकडं जुन्या सामानाच्या वखारीत मिळतं. तुळया, वासे, दाराच्या चौकटी. कित्येक दशकं वाळलेलं, आता वाकण्याची भीती फारशी नाही. धोका फक्त खिळ्यांचा. डोकी तुटून आत गाडलेले चौकोनी खिळे दिसत नाहीत. मी एक जोरकस लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक वाशावरून इंच-इंच फिरवला. जिथं दोरा ओढ खाईल तिथं खडूनं खूण. एका वाशात तब्बल अकरा निघाले. एवढं करूनही एक सुटला आणि रंध्याच्या पात्याला खाच पडली, ती घासून काढायला संध्याकाळ गेली.

वरचा पाट सहा फूट बाय दोन फूट, तीन इंच जाड, वासे एकाला एक जोडून केलेला. नुसता पाटच पन्नास किलोच्या वर भरतो. पायांना कुसू, म्हणजे खोबणीत बसणारी टोकं, काढून आडव्या पट्ट्यांच्या खोबणीत बसवले. उंची ३४ इंच. ताठ उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथं येतं, तिथं पाट. हे माझं माप आहे, तुमचं वेगळं येईल. पाट खालून स्क्रूनं धरला, पण भोकं लांबट ठेवली. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि एप्रिलमध्ये आटतं. घट्ट आवळून टाकलं तर एके दिवशी मधोमध फाटतं. माझा दोन फुटी पाट जुलै आणि एप्रिल यांच्यात जवळपास चार मिलिमीटरनं कमी-जास्त होतो, मी कडेला पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत. ओतीव लोखंडाचा वाइस, म्हणजे लाकूड पकडायचा शिकंजा, जुन्या बाजारातून घेतला, जबड्यांना सागाच्या फळ्या लावल्या.

टेबल उभं राहिलं त्या दिवशी मी त्यावर काहीच केलं नाही. नुसता रंधा मारून पाहिला. टेबल जागचं हाललं नाही, लांब, अखंड साल निघाली.

त्यानंतर खरी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत, घेतली, स्टार्टरसकट. घेताना एकच अट ठेवली होती, पात्याच्या मागं फाळ हवा, ज्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेली फट मागं मिटली की पात्याचे मागचे दात लाकूड पकडतात आणि ते कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. उलट्या कटरला तो फाळ नव्हता, आणि प्लायचा एक तुकडा माझ्या पोटावर बसून आठवडाभर काळानिळा डाग राहिला होता. यंत्रावर हातमोजे घालत नाही, पातं मोज्याला धरून बोटं ओढतं. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, काही नाही. लहान तुकडा हातानं ढकलत नाही, ढकलकाठीनं ढकलते. ती काठी यंत्राला दोरीनं बांधून ठेवली आहे.

भुशाचं मी सुरुवातीला हसण्यावारी नेलं होतं. जाड भुसा त्रासदायक नसतो, तो झाडता येतो. जी धूळ दिसत नाही ती छातीत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेली आहे, हे वाचल्यावर मी रुमाल बांधणं सोडून एन९५ मास्क आणला. मोठा व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि त्याच्या आधी रंगाच्या वीस लिटरच्या बादलीवर एक सायक्लोन बसवला. हवा त्यात गरगरत जाते, जड भुसा बादलीत पडतो आणि व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, मात्र मी आत कापतच नाही, शटर उघडून अंगणात कापते.

आवाजासाठी शेजारच्या काकूंशी आधीच बोलून घेतलं. दुपारी दोन ते चार त्या झोपतात, तेव्हा यंत्र बंद, फक्त हातकाम. संध्याकाळी सातनंतर काहीच नाही. त्यांच्या देव्हाऱ्याचं एक दार निखळलं होतं, ते दुरुस्त करून दिलं.

हत्यारांसाठी दारं असलेलं कपाट केलं आणि आत १५ वॅटचा साधा बल्ब लावला, पावसाळ्यात चोवीस तास जळणारा. त्याच्या उबेनं आत दमट हवा टिकत नाही. काम संपलं की पोलादाला शिलाई मशीनच्या तेलाचा हात, यंत्राच्या पत्र्यावर मेण. दोन पावसाळे गेले, गुण्याचे आकडे वाचता येतात.

एक काम राहिलं आहे. शटरच्या तळाशी बोटभर फट आहे, वाऱ्याचा पाऊस आला की तिथून फवारा आत येतो. आत्तापर्यंत जुनी गोणपाटं ठेवून भागवलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की तिथं रबरी पट्टी आणि बाहेरून एक छोटी पन्हळ बसवायची आहे. मापं घेऊन ठेवली आहेत.