घंटेची लाइन चुकली, खूण पुसली (नारोशंकर, अपडेट ६)

मंडळी, मागच्या वेळी मी छाती ठोकून सांगितलं होतं ना, की नाशिकच्या सराफ बाजाराकडच्या विजेच्या खांबावर नदीपलीकडच्या नारोशंकर देवळाच्या घंटेची लेव्हल सापडली, खडूची खूणपण केली, ते सगळं कॅन्सल. चूक माझीच.

नवीन कोणी असेल तर थोडक्यात. नारोशंकराची घंटा म्हणजे १७३९ ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेली, तिच्यावर १७२१ साल आहे. गंगेचं (आपल्या गोदावरीचं) पाणी घंटेला लागलं की महापूर, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे गुडघे, कंबर, गळा हा पुराचा दुसरा मीटर, सराफ बाजारातल्या जुन्या सरकारवाड्याच्या पायऱ्या तिसरा. मला हे तिन्ही एकाच स्केचमध्ये पाहिजेत, खऱ्या उंचीला, अंदाजपंचे नाही.

आयडिया साधी आहे. क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्याची उंची, त्यामुळे अलीकडच्या काठावर जिथून घंटेची कड बरोबर त्या रेषेवर दिसते तिथे आपला डोळा घंटेच्या लेव्हलला, म्हणजे पुराचं पाणीही साधारण तिथपर्यंत. साधारणच, कारण वाहतं पाणी थोडं उताराला असतं.

पण ती रेषा आणायची कुठून? समोर सगळी घरं आणि देवळं, क्षितिज दिसतंय कुठे! आधी घंटेच्या कडेवरूनच ओळखायचं ठरवलेलं, खालून बघितलं की कड कमानीसारखी दिसते, वरून बघितलं की हसरी, आणि लेव्हलला आलं की सरळ. जवळून भारी चालतं हे (माझ्या जुन्या चार स्केचमध्ये घंटा हसरी काढलीये, खालून बघून! लाज वाटते), पण नदीपलीकडून ती सगळीकडूनच सरळ दिसते. म्हणून मग गवंडी वापरतात ती लेव्हलची पाइप घेतली, पारदर्शक, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, आणि तिच्यात पाणी भरून दोन टोकं ड्रॉइंग बोर्डच्या दोन कडांना क्लिपने लावली. दोन्हीकडच्या पाण्यावरून नेम धरायचा. माझ्या सगळ्या महागड्या पेनांपेक्षा हे टूल कामाचं निघालं. स्टुलावर बसून रेषा जुळली, खूण केली, तुम्हाला कळवलं, पार्टीपण मागितली.

परवा तिथेच एक गवंडीमामा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाऊ, पाइपात हवा हाये ना तुमच्या." बघतो तर खालच्या वाकात हरभऱ्याएवढा बुडबुडा! बुडबुडा अडकला की दोन्हीकडचं पाणी सारखं राहत नाही, आणि बोर्डवर एक मिलीमीटर फरक पडला तर पलीकडे वीतभर. मामांनी पाइप उभी धरली, टिचक्या मारल्या, बुडबुडा वर काढला, दोन मिनिटांचं काम. परत बघितलं तर बसून जुळेचना. स्टूल बाजूला सारून ताठ उभा राहिलो तेव्हा जुळली. म्हणजे जुनी खूण हातभर खाली होती. नवीन खूण माझ्या डोळ्याच्या उंचीला आहे, तिच्यासमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो राव.

स्केच तिथेच उभ्याने केलं. कॅम्लिनची वॉटरप्रूफ इंक झकास, पण १५० जीएसएम म्हणजे जाड म्हणून घेतलेला कागद पहिल्याच वॉशला (पातळ रंगाच्या हाताला) पापडासारखा फुगला, त्या दुकानात परत जाणार नाही. ओला बसाल्ट, म्हणजे पायऱ्यांचा काळा दगड, मात्र पहिल्यांदा जमला. काळा रंग वापरलाच नाही, सेपिया आणि निळा एकावर एक दिला आणि कोरडा व्हायच्या आत पायऱ्यांच्या कडा पुसून उजळ केल्या. ह्या एका कोपऱ्यावर खूश आहे.

पुढे पांडवलेणीला जायचं ठरलेलं, ते आता पुढे ढकलतो. खूण करताना समोरचे चहावाले काका म्हणाले, "खडूची कशाला, आमच्या आतल्या भिंतीवर पुराची खरी रेघ आहे, बघून घ्या." आणि खरंच होती, चुन्याच्या रंगाखाली मातकट! म्हणजे खांबापासून पाइप आत नेली तर माझी लेव्हल आणि त्यांची रेघ ताडून बघता येईल, आणि तशीच टप्प्याटप्प्याने सरकारवाड्याच्या पायरीपर्यंतही नेता येईल. २००८, २०१६, २०१९ च्या रेघा अजून किती दुकानांत असतील काय माहीत, आता सगळ्याच काढाव्या वाटतायत.

रविवारी सकाळी सहाला, दुकानं उघडायच्या आत. पाइपचं दुसरं टोक धरायला एक माणूस पाहिजे, मिसळ माझ्याकडून.